तीन वर्षं मुरणारं सोयाबीन

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत शेवटच्या रांगेतून एका तरुणाने प्रश्न विचारला होता. "सोयाबीनला भाव नाही, भाव नाही म्हणता, मग त्याचा सॉस करून का विकत नाही? तालुक्याच्या गावात चायनीजच्या गाडीवर बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या होतात." सगळे हसले. आम्हीही हसलो आणि उशीर झाला म्हणून बैठक आटोपली. घरी गेल्यावर वाटलं, हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आपण सोयाबीन पिकवतो, पोती भरतो, मोंढ्यात नेऊन टाकतो. पुढे त्याचं तेल होतं आणि पेंड होते, यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नसतं. जगात हेच दाणे दुसऱ्या कुणाच्या हाती पडल्यावर काय होतं, ते समजून घ्यायला काय हरकत आहे? म्हणून आम्ही थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज सांगणार आहोत.

पहिली गोष्ट त्या गाडीवरच्या बाटलीची. ती बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. स्वस्तातल्या पुष्कळ बाटल्यांवर पाणी, मीठ, साखर, कॅरॅमलचा रंग आणि 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' अशी यादी सापडते. याचा अर्थ असा, की सोयाबीनची पेंड तीव्र आम्लात घालून तापवली, प्रथिनांचे तुकडे पाडले, मग सोडा घालून आम्ल मारलं. दोन-चार दिवसांत माल तयार. यात कुणी काही मुरवलेलं नाही. आपल्याकडे कैरीला मसाला चोळून त्याच दिवशी वाढलं तर त्याला कुणी मुरलेलं लोणचं म्हणत नाही. तसंच हे.

मुरवलेला सॉस वेगळा. त्याचं घर जपान आणि चीन. त्यातही आज आम्हाला ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्याचं नाव तामारी. जपानी भाषेत 'तामारु' म्हणजे साचणं. तामारी म्हणजे साचलेलं. जपानात अशी कथा सांगतात, की तेराव्या शतकात काकुशिन नावाचा बौद्ध भिक्षू चीनमध्ये गेला आणि तिथून मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, तो करायची रीत शिकून आला. लगद्याच्या पिंपाच्या तळाशी काळा रस साचायचा. कुणीतरी चाखून पाहिला, स्वयंपाकात घातला, आणि तोच पुढे मुख्य माल झाला. कथेत खरं किती आणि पदरचं किती हे सोडून द्या, पण लोणच्याच्या बरणीतला खार भाताला लावून खाणाऱ्या माणसाला ती पटायला अडचण नाही.

आज जपानात जो सोया सॉस सर्रास चालतो त्यात सोयाबीन आणि गहू साधारण निम्मे-निम्मे असतात. गव्हातल्या पिठूळ भागाची साखर होते, साखरेचा थोडा मद्यार्क होतो आणि त्याने वास खुलतो. आताचं टोकियो, म्हणजे तेव्हाचं एदो, वाढलं तसा नोदा आणि चोशी या गावांतून हा गव्हाचा सॉस राजधानीत जाऊ लागला आणि देशभर पसरला. तामारी मात्र मध्य जपानातल्या आइची, मिए, गिफू या प्रांतांत टिकून राहिली. सोयाबीन, मीठ, पाणी आणि बुरशी. जुन्या पद्धतीच्या तामारीत दुसरं काही नाही. गहू नाही किंवा नावापुरता. जपानच्या एकूण सॉसमध्ये तिचा वाटा शेकडा दोनच्या आसपास, म्हणजे कोपऱ्यातलाच धंदा. आइचीत एक चिता नावाचं द्वीपकल्प आहे (आपल्या चितेशी त्याचा काही संबंध नाही), तिथल्या ताकेतोयो गावात तामारीवाल्यांची जुनी घराणी अजून पिंपं भरतात.

आता ती करतात कशी ते नीट ऐका, कारण यात आपल्या ओळखीच्या पुष्कळ गोष्टी आहेत.

सोयाबीन धुऊन भिजवतात आणि वाफवतात. मऊ झालेला दाणा चेचून त्याचे लहान लहान गोळे करतात. पूर्वी खेड्यापाड्यांत घरचा मिसो करताना असे मोठाले गोळे वळून आढ्याला टांगत, घरातली बुरशी आपोआप धरायची. आता निवडून वाढवलेल्या बुरशीचं बियाणं मिळतं, त्याला कोजीचं बी म्हणू. ते गोळ्यांवर भुरभुरतात आणि गोळे उबदार, दमट खोलीत ठेवतात. गोळा का, सुटा दाणा का नाही, यात मोठी अक्कल आहे. बुरशीला हवा लागते, म्हणून ती गोळ्याच्या बाहेरून वाढते. आत हवा नसते, तिथे दह्यातल्यासारखे आंबट करणारे जंतू जोर धरतात. आंबटपणामुळे दाणा चिकट आणि उग्र वासाचा करणाऱ्या जंतूंचं फावत नाही. सुट्या उकडलेल्या सोयाबीनवर हे चिकट करणारे जंतू फार लवकर चढतात. गंमत अशी, की आपल्याच देशात ईशान्येला नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाईजार, सिक्कीमकडचं किनेमा हे पदार्थ याच जंतूंकडून मुद्दाम करून घेतात आणि लोक आवडीने खातात. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा गडी.

गोळे तीन-चार दिवस खोलीत असतात आणि ह्या तीन-चार दिवसांत कुणाला झोप नसते. कारण बुरशी वाढू लागली की गोळे तापतात. आपल्याला हे सांगायला नको. ओलं सोयाबीन पोत्यात भरून थप्पी लावली आणि दोन दिवसांनी हात घातला की काय होतं, ते इथल्या प्रत्येकाने अनुभवलंय. आपण त्या गरमीला घाबरतो. तिथला कारागीर ती तीस-पस्तीस अंशांच्या आसपास धरून ठेवतो. जास्त झाली तर उलथापालथ करून, वारा देऊन खाली आणतो. शेवटी गोळ्यावर हिरवट-पिवळी लव येते. त्या बुरशीने आता प्रथिनं तोडणारी विकरं तयार करून ठेवलेली असतात. पुढचं काम तीच करणार.

मग हे गोळे लाकडी पिंपात जातात. पिंपं सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडाच्या फळ्यांची, बाहेरून बांबूच्या वळलेल्या कड्यांनी आवळलेली. माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही एवढी मोठी, आणि शंभर-शंभर वर्षं वापरात. त्यात मिठाचं पाणी सोडतात. तामारीची सगळी किल्ली या पाण्यात आहे. गव्हाच्या सॉसला धान्याच्या मापापेक्षा जास्त पाणी असतं, ढवळता येईल असं पातळ. तामारीला सोयाबीनच्या मापाने निम्मं ते फार तर तेवढंच. त्यामुळे ते ढवळताच येत नाही. घट्ट लगद्यावर फळ्या टाकून वर नदीतले गोटे रचतात. पिंपाच्या मधोमध एक नळकांडं उभं केलेलं असतं. त्यात हळूहळू रस झिरपून येतो, अगदी आडात पाझर यावा तसा. तो पळीने काढायचा आणि वरून गोट्यांवर पुन्हा ओतायचा. पुन्हा झिरपू द्यायचा. पुन्हा ओतायचा.

असं किती दिवस? किमान वर्षभर. चांगली तामारी दोन वर्षं, तीन वर्षंही. उन्हाळ्यात काम जोरात चालतं, थंडीत मंदावतं. मिठाचं प्रमाण रसात शेकडा सोळाच्या आसपास असतं, त्यामुळे नासवणारे जंतू मरतात आणि मीठ सोसणारे तेवढे उरतात. प्रथिनांचे तुकडे होत होत शेवटी अमिनो आम्लं सुटतात. त्यातलं एक ग्लुटामिक आम्ल. इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकाने १९०८ साली समुद्री वनस्पतीतून तेच वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. तामारीत गहू नसल्यामुळे मद्यार्काचा वास कमी आणि ही चव दाट. मुदत भरली की तळाशी असलेली तोटी उघडतात. दाब न देता आपल्या वजनाने येतो तो रस पहिल्या प्रतीचा. उरलेला लगदा कापडात बांधून दाबतात, तो दुसरा. मग माल तापवून गाळून बाटलीत.

आता गव्हाच्या मुद्द्यावर येऊ, कारण शहरात आणि परदेशात तामारीचं नाव झालंय ते त्यामुळे. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखं चिकट काहीतरी उरतं. ते ग्लुटेन. काही माणसांच्या आतड्याला ते सोसत नाही. सिलिअ‍ॅक असं त्या आजाराचं नाव, आपल्या देशात तो गहू खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त आढळतो. अशा माणसाला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. ज्वारीची भाकरी चालते. साधा सोया सॉस चालत नाही, कारण त्यात निम्मा गहू. आंबवताना गव्हाचं प्रथिन तुटतं हे खरं, पण तुटलेल्या तुकड्यांची नेमकी मोजदाद नेहमीच्या चाचणीला जमत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न खात्याने २०२० साली आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळा नियम केला : ग्लुटेनमुक्त म्हणायचं असेल तर आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लुटेनमुक्त होता याची नोंद दाखवा. मर्यादा आहे किलोला २० मिलिग्रॅम, आपल्याकडेही तीच. तामारीवाल्याला हे सोपं पडलं. त्याच्या पिंपात गहू नव्हताच.

पण नावावर जाऊ नका. कोजीचं बी गोळ्यांना नीट लागावं म्हणून पुष्कळ ठिकाणी ते भाजलेल्या गव्हाच्या किंवा सातूच्या पिठात कालवतात. तेवढ्याने तामारी बिघडत नाही, पण आजारी माणसाचं पोट बिघडतं. शिवाय पाश्चात्य देशांत मधल्या काळात गहू घातलेला नैसर्गिक सॉससुद्धा तामारी म्हणून विकला गेला. नाव एक आणि माल दुसरा. व्यापारात हे नवं नाही, बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो तशातलंच.

नावाचीच आणखी एक हकिकत सांगतो, ती आपल्याला जास्त उपयोगाची. तामारीचाच घट्ट भाऊ म्हणजे हाच्चो मिसो. आइचीत ओकाझाकीचा किल्ला आहे, त्याच्यापासून आठ 'चो' अंतरावरचं गाव म्हणून हाच्चो. तिथे दोन जुन्या पेढ्या आहेत. सहा टन मिसोच्या लाकडी पिंपावर तीन टन गोटे हाताने रचतात आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे हात लावत नाहीत. भौगोलिक नावाची नोंदणी करायचा कायदा आला. नोंदणी कुणाला मिळावी? २०१७ च्या डिसेंबरात सरकारने ती दिली सगळ्या प्रांतातल्या उत्पादकांच्या सहकारी संघाला. त्या नियमात लाकडी पिंपाची सक्ती नाही, गोट्यांची नाही, आणि मुरवण्याची मुदत किमान तीन महिने. ज्यांनी नाव कमावलं त्या दोन पेढ्या नावाच्या बाहेर. त्यांनी हरकती घेतल्या, एकीने न्यायालयाची पायरी चढली, पण २०२४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयातही पदरी काही पडलं नाही. आपल्याकडे नोंदणीचे अर्ज भरताना आपण खूश असतो. व्याख्या लिहिणारा कोण, आणि वेळेच्या जागी तो कोणता आकडा घालतो, हे कुणी बघत नाही.

वेळेवर सरकारचा राग फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकी लष्कराचा अंमल होता. सोयाबीनची टंचाई, वाटप सरकारी हातात. १९४८ साली अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला, की मुरवून सॉस करायला वर्ष जातं आणि कच्च्या मालाची नासाडी होते. आम्लाने केला तर काही दिवसांत आणि जास्त निघतो. तेव्हा पेंड आम्लवाल्यांना द्यावी. मुरवणाऱ्यांचा धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा नोदाच्या मोठ्या कंपनीने, आजच्या किक्कोमनने, थोडं आम्ल आणि थोडं मुरवणं अशी मधली पद्धत शोधली आणि तिचं पेटंट सगळ्या लहानमोठ्या उत्पादकांना खुलं केलं. धंदा वाचला. पुढे टंचाई सरल्यावर पुष्कळ जण मूळ पद्धतीकडे परत गेले.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर. आपण का करत नाही?

अक्कल नाही म्हणून नाही. जी बाई कैरीचं लोणचं वर्षभर टिकवते, खारवलेल्या मिरच्या, सांडगे, कुरडया करते, तिला कोजीची ऊब सांभाळता येणार नाही हे आम्हाला पटत नाही. अडचण दुसरीकडे आहे. क्विंटलभर सोयाबीन पाच हजारांचं धरा. ते पिंपात घालून तीन वर्षं ठेवलं, तर बँकेच्या बारा टक्क्यांनी, सरळ व्याजाने, अठराशे रुपये चढले. सावकाराच्या महिना तीन टक्क्यांनी पाच हजार चारशे, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. पिंप वेगळं, मीठ वेगळं, मजुरी वेगळी. तीन वर्षं पिंप भरायची आणि चौथ्या वर्षी पहिला पैसा. आपण दसऱ्याला सोयाबीन काढतो आणि दिवाळीच्या आत विकतो, कारण कृषी केंद्राची उधारी उभी असते. केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून परत पाठवतात, मग व्यापाऱ्याच्या काट्यावर. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४८९२ आणि मोंढ्यात लोकांनी चार हजाराच्या आसपास दिलं. थांबण्याची ऐपत नव्हती, म्हणून दिलं.

"मग धान्यच घरात ठेवा ना" असं सांगणारे भेटतात. २०२१ च्या ऑगस्टात भाव दहा हजारांवर गेला. कोंबडीवाल्यांनी ओरड केली, सरकारने बारा लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली, तीही परदेशातल्या जनुक-बदल सोयाबीनची, जी आपल्याला पेरायला बंदी आहे. डिसेंबरात वायदे बंद केले, पेंडीच्या साठ्यावर मर्यादा घातली. २०२२ चं पीक ज्यांनी वर्षभर घरात ठेवलं, त्यांना २०२३ मध्ये आधीपेक्षा कमी भाव घ्यावा लागला. पोत्यातलं सोयाबीन मुरत नाही, नुसतं वाळतं, आणि वर सरकारची तलवार लटकत असते. पिंपातल्या सोयाबीनचं तसं नाही. ते थांबण्यानेच दुसरं काहीतरी होतं. थांबण्याथांबण्यात हा फरक आहे.

जपानी शेतकऱ्याचं सगळं सोनं झालंय असंही समजू नका. जपान आपल्या गरजेच्या दहावा हिस्साही सोयाबीन पिकवत नाही, बाकी अमेरिका, ब्राझील, कॅनडाकडून येतं. बहुतेक सॉसचे कारखाने पेंडच वापरतात. मुरवण्याचा पैसा मुरवणाऱ्याला मिळतो, पिकवणाऱ्याला आपोआप मिळत नाही. "प्रक्रिया करा, मालामाल व्हा" म्हणणाऱ्यांना हे विचारलं पाहिजे. आमच्या तालुक्यात एका बचत गटाच्या बायकांना तीन दिवसांचं शिबिर देऊन सोयादुधाचं यंत्र घ्यायला लावलं. कर्ज त्यांच्या नावावर, यंत्र गोठ्यात. शिबिर घेणारे पुन्हा फिरकले नाहीत. आज त्यातल्या दोघीजणी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा.

म्हणून आम्ही कारखाना काढा असं म्हणणार नाही. दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक, बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिने पैसे मिळतात. ज्या समित्या ती राबवत नाहीत त्यांच्या सभापतीला याच महिन्यात लेखी विचारायचं, आणि तारणाची मुदत प्रक्रियेच्या मालासाठी वाढवून मागायची. बरणीतला माल तारण का धरू नये, याचं उत्तर लेखी येऊ द्या.

दुसरी, ज्यांना हौस आहे त्यांनी करून बघावं, पण पाच किलोवर. कर्ज काढून नाही. साधारण पाच किलो सोयाबीनला पाच लिटर पाणी आणि दीड किलो मीठ लागेल. मीठ कमी करायचं नाही. संक्रांतीच्या सुमाराला, गारव्यात बरणी भरावी, म्हणजे पुढचा उन्हाळा पूर्ण मिळतो. चिनी मातीची मोठी बरणी, आत लाकडी फळी, वर धुतलेले गोटे, तोंडाला दादरा बांधलेला. एक सक्त ताकीद : बुरशी घरची धरू द्यायची नाही. कोजीची बुरशी आणि भुईमुगाच्या, मक्याच्या दाण्यावर येणारी विषारी बुरशी या चुलत बहिणी आहेत. दोघी दिसायला सारख्या, पण दुसरी अफ्लाटॉक्सिन करते. बी विकतचं, खात्रीचंच आणायचं, आणि ते तांदळावर वाढवलेलं असेल तर गव्हाचा प्रश्नही मिटतो. काळी किंवा भडक रंगाची बुरशी दिसली की सगळा घाणा खड्ड्यात पुरायचा, जनावरालाही घालायचा नाही.

बी कुठून आणायचं त्याची चौकशी चालू आहे. तालुक्याला एक घर, एवढी नावं आज जाण्यापूर्वी वहीत लिहून द्या. बरणी भरल्याची तारीख वर लिहायची. पहिली बरणी दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीआधी उघडायची नाही.